कुंकू लावलेलं चाक

निपाणीच्या माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. त्यांची मोटार मी विकत घेतली आणि त्यांनी तडकलेलं चाक रंगाखाली झाकून मला दिलं. मी मुलीचा बाप, म्हणून त्या वेळी गप्प बसलो. त्यामुळं माझी बायको सोडली तर दोन्ही घरांत ही गोष्ट कुणाला नीट ठाऊक नाही, आणि ज्यांना थोडीफार ठाऊक आहे त्यांना ती उलटी ठाऊक आहे. व्याह्यांचं मन मोठं, आणि मी हात पसरून गेलेला, असं ते समजतात.

मी सहज फसणारा माणूस नव्हे. खानापूरच्या बाजूच्या एका खेड्यातून बेळगावला आलो तेव्हा बैलांच्या बाजारात दुसऱ्याची जनावरं धरून उभं राहायचं काम मिळालं. त्याच बाजारात पुढं दलाल झालो. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. समोरच्याचं बोट जरा आखडलं तरी मला त्याच्या मनातलं कळायचं. नंतर बटाट्याचा व्यापार धरला, कॅम्पात पलटणीला माल घालू लागलो, खासबागेत स्वतःचं घर बांधलं. मला कुणी काही दिलेलं नाही. मी तापट आहे असं लोक म्हणतात, बरोबर म्हणतात.

बैलबाजारातला पहिला धडा असा की, शिंगं रंगवलेला बैल दिसला तर आधी शिंगाला नख लावून बघायचं. बेंदराला सगळेच शिंगांना हिंगूळ लावतात, त्याचं काही नाही. पण सण नसताना शिंगं रंगवून बैल बाजारात आला, तर रंगाखाली चीर असते, नाहीतर बैलाचं वय असतं. हे मी कितीतरी जणांना शिकवलं. आणि मीच ते विसरलो. विसरलो कसलं, मला नख लावू दिलं नाही.

माझी एकुलती एक मुलगी निपाणीला तंबाखूच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या घरात दिली. तेव्हा लढाई चालू होती. पेट्रोल कूपनावर आलं होतं, टायर तर बघायला मिळत नव्हते. व्याह्यांची मोटार तंबाखूच्या गोडाऊनशेजारी छपरात उभी असायची. ड्रायव्हरही पलटणीत भरती होऊन गेला होता. मला गावोगाव बटाटा बघत फिरावं लागे, आणि कॅम्पातल्या ओळखीमुळं मला थोडं पेट्रोल मिळायचं. व्याही एकदा आपणहून म्हणाले, गाडी गंजून मरण्यापेक्षा घरातल्या घरात राहील, तुम्हीच घ्या.

दिवाळीनंतर मी बघायला गेलो. इंजिन सुरू करून कान लावला. खाली झोपून तेल गळतंय का पाहिलं. गाद्या उचलून पाहिल्या. सगळं ठीक होतं. चाकं मात्र नुकतीच रंगवलेली दिसत होती. जाड काळा रंग, कडेनं पिवळं वळं, आणि प्रत्येक चाकावर हळदीकुंकवाची पाच बोटं. मी पुढच्या डाव्या चाकापाशी वाकलो आणि अंगठ्याचं नख पुढं केलं. सवयच ती.

विहीणबाई आरतीचं ताट घेऊन मागं उभ्या होत्या.

“पाव्हणं, कुंकू लावल्यालं चाक हाय,” त्या म्हणाल्या. “लक्ष्मी घरातनं जाताना नटवून लावून द्यायची आमच्यात रीत हाय. तेला नख लावू नगा.”

जनावर विकताना त्याच्या खुरांवर पाणी घालून, कुंकू लावून द्यायचं, ही रीत आमच्या सगळ्या भागात आहे. मीही ती पाळत आलोय. त्या कुंकवाला ओरखडा काढणं म्हणजे मुलीच्या सासूच्या ताटाला लाथ मारण्यासारखं झालं असतं. मी हात मागं घेतला. व्याही छपराच्या खांबाला टेकून पान चघळत होते.

मग स्टेपनीचा विषय निघाला. पाचवं चाक टायरसकट गोडाऊनमध्ये होतं, ते दिसत होतं. मी म्हटलं, ते गाडीबरोबरच असतं. व्याही हसून म्हणाले, “तुमीच सांगा पाव्हणं, बैल इकला तर दावं देतासा काय?”

जनावर द्यायचं पण दावं द्यायचं नाही. दाव्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. सौद्यात दावं सोडून घेताना मी स्वतः हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल. माझीच भाषा वापरून त्यांनी मला बांधलं. स्टेपनीबद्दल थोडा भाव मी रुमालाखाली पाडून घेतला आणि आपण जिंकलो असं समजून गाडी घेऊन बेळगावला आलो.

गाडी चालायची चांगली. हळू वेगात वळण घेताना पुढून डावीकडं एक आवाज यायचा, सुपारी फोडल्यासारखा. टक. मग बराच वेळ काही नाही. मी चाकावरची टोपी काढून बसवली, बोल्ट आवळले. आवाज कधी जायचा, कधी यायचा. गाडी जुनी आहे, कुरकुरणारच, अशी मी मनाची समजूत घातली. पण त्या आवाजानं माझी झोप खाल्ली नसली तरी कान खाल्ला. रस्त्यावर दुसऱ्या कशाकडं लक्ष जाईना.

एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती, ती इथंच सांगतो. गाडी माझ्याकडं आल्यापासून व्याही तिच्यात एकदाही बसले नाहीत. मी निपाणीला जायचो, संकेश्वरपर्यंत सोडतो म्हणायचो. कधी त्यांना चालायला बरं वाटायचं, कधी पेट्रोलच्या वासानं मळमळायचं. स्वतःच्या गाडीतून वर्षानुवर्षं फिरलेला माणूस.

नागपंचमीला मुलीला माहेरी आणायला गेलो. तिला दिवस गेले होते. व्याहीही बेळगावला यायला निघाले होते, कोर्टात काही काम होतं म्हणे. ओट्यावर त्यांची पिशवी भरून ठेवलेली मी पाहिली. मी म्हटलं, चला, गाडी आहेच. ते दारात आले, गाडीकडं पाहिलं आणि म्हणाले की पोट बरं नाही, आज येत नाही. मुलीला विहीणबाईंनी नारळ दिला, तिची ओटी भरली आणि व्याहीविहिणींनी मिळून तिला पुढच्या गादीवर, माझ्या डाव्या हाताला बसवली. मागं धक्के बसतील म्हणून पुढं. तवंदीचा घाट उतरून, संकेश्वरची नदी ओलांडून आम्ही आलो. वाटेत दोन-तीनदा आवाज आला. मुलगी म्हणाली, आप्पा, कोण टिचकी मारतंय?

त्याच संध्याकाळी मी बाजारात होतो. कोळशाच्या गॅसवर चालणारी उतारूंची सर्व्हिस मोटार निपाणीहून येऊन थांबली. लोक खाली उतरले, सगळ्यांची तोंडं कोळशानं काळी. त्यांतले एक माझे व्याही. पिशवी तीच. मला पाहून त्यांनी मान वळवली आणि टांगा केला.

मी त्याचा अर्थ माझ्या परीनं लावला. तंबाखूचा सावकार, एके काळच्या बैलाच्या दलालाशेजारी बसून कसा येईल? लोक बघतील, म्हणतील सुनेचा बाप ड्रायव्हर झालाय. त्यापेक्षा कोळसा खाल्लेला बरा. अपमानानं माझं तोंड कडू झालं. घरी येऊन बायकोजवळ आगपाखड केली. ती म्हणाली, मोठ्या घरात लेक दिली की एवढं गिळावं लागतं.

मी गिळलं. चुकीचं गिळलं, हे नंतर कळलं.

मुलगी परत सासरी गेली. भाद्रपदात तिला सातवा लागणार होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी. निपाणीहून निरोप आला की पौर्णिमेच्या आत न्या. त्यानंतर पितृपक्ष लागतो, त्यात पोटुशी बाई घराबाहेर काढायची नाही. आणि पुढं आठवा महिना, त्यात नदी ओलांडायची नाही. म्हणजे राहिलेल्या थोड्या दिवसांत नेली तर नेली, नाहीतर बाळंतपण तिथंच. निरोपात आणखी एक ओळ होती. सर्व्हिस मोटारीतून सून पाठवणार नाही, गाडी आणा.

माझ्या बायकोचा यात जीव अडकला होता. आमच्या मुलीच्या आधी तिची दोन बाळंतपणं वाया गेलेली. लेक आपल्या नजरेसमोर बाळंत झाली पाहिजे, यापलीकडं तिला काही सुचत नव्हतं. आणि तिला दुसरी काळजी चाकांची. पावसाळ्यात तो जाड रंग पोपडे धरून निघत होता.

“नटवून दिल्याली गाडी बोडकी करून आणली म्हंत्याल,” ती म्हणाली. “तेवढी चाकं रंगवा की. लेकीला बोलणं बसंल.”

कॅम्पातल्या गॅरेजांना पलटणीच्या कामातून फुरसत नव्हती. रंगही मिळत नव्हता. टांगे बनवणाऱ्या एका कारागिराकडून मी घासाघीस करून डब्यात उरलेला काळा रंग आणला. खालच्या हातासाठी तांबडा शिसं-रंग लागतो, तो दुकानात नाही. पण तो म्हणजे आपला शेंदूरच. पूजेच्या सामानाच्या दुकानातून शेंदूर घेतला, जवसाच्या तेलात कालवायचा ठरवला, आणि आम्ही नवराबायकोनं परसात काम मांडलं.

गाडी दगडांवर चढवली. चाकं काढली, टायर उतरवले. मी फुटक्या काचेनं जुना रंग खरवडायचा, ती काथ्यानं रॉकेल लावून घासायची. लोखंडाचा तेलकटपणा काही जाईना. पितळी भांडी घासणाऱ्या बाईला अशा वेळी काय सुचणार? गणपतीच्या आधी घराला चुना काढला होता, त्यातली फक्की उरली होती. तिनं ती चारी चाकांवर पसरली आणि म्हणाली, राहू द्या घटकाभर, तेल ओढून घेईल. आम्ही जेवायला बसलो.

जेवून ती आधी बाहेर गेली. तिनं मला हाक मारली ती मोठ्यानं नव्हती. पण तिनं पुन्हा मारली नाही, म्हणून मी उठलो.

चाकं भिंतीला टेकून उभी होती, पिठात घोळल्यासारखी पांढरी. तीन चाकं तशीच होती. चौथ्यावर, म्हणजे पुढच्या डाव्या चाकावर, दोन बोल्टांच्या भोकांमधून एक ओली काळी रेघ वर आली होती. केसांत भांग पाडावा तशी. बघता बघता ती तिसऱ्या भोकाकडं सरकत होती. चिरेत शिरलेलं रॉकेल चुना आता बाहेर ओढत होता.

“रंगाचा ओघळ असंल,” ती म्हणाली. तिलाही ते पटलेलं नव्हतं.

मी चुना पुसला. रेघ बोटाला लागत नव्हती. दाभण आणून टोचलं. लोखंडात दाभण जात नाही. ते गेलं. आतून तपकिरी कपचा निघाला. चिमट्यात पकडून पेटत्या काडीवर धरला तर वितळला आणि वास आला. तो वास सोनाराच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पोकळ दागिन्यात भरतात ती लाख.

मी तिथंच धुणं धुवायच्या दगडावर बसलो. गंज आपोआप चढतो. चीर आपोआप पडते. पण लाख आपोआप भरली जात नाही. कुणीतरी ती चीर पाहिली होती, तापवून लाख भरली होती, वरून घासून गुळगुळीत केली होती, जाड रंग दिला होता, आणि त्यावर कुंकवाची पाच बोटं उमटवली होती.

ती टिचकी कुणाची होती ते मला कळलं. सर्व्हिस मोटारीतून उतरलेलं ते काळं तोंडही आठवलं. मग त्यांचं चालणं, मळमळणं, पोटाचं दुखणं एकामागून एक आठवत गेलं. तो अपमान नव्हताच. माझ्या शेजारी बसायची त्यांना लाज वाटत नव्हती. त्या चाकावर बसायची त्यांना भीती वाटत होती.

आणि मुलगी पुढच्या गादीवर, डाव्या बाजूला, बरोबर त्या चाकाच्या मागं बसून आली होती. पोटात त्यांचंच नातवंड घेऊन.

बायको मला धरून म्हणाली, आज काही बोलू नका, आज कुठं जाऊ नका. मी काय केलं असतं ते मलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चाक कॅम्पातल्या एका गॅरेजात नेलं. तिथल्या मिस्त्रीनं ते दोरीला टांगून हातोडीनं हळूच वाजवलं. चांगलं चाक घंटेसारखं नाद देतं. हे फुटक्या मडक्यासारखं वाजलं. मी म्हटलं, डाग देऊन भागेल का? तो म्हणाला, “बटाटे लादो सेठ, बालबच्चे नको. घाटात ब्रेक मारला की सुटेल.” दुसरं चाक त्याच्याकडं नव्हतं. बेळगावात त्या बनावटीचं चाक कुणाकडंच नव्हतं. सगळीकडं विचारून झालं. त्या मापाचं चांगलं चाक मला ठाऊक होतं ते एकच, निपाणीच्या गोडाऊनमध्ये, दावं म्हणून ठेवलेलं.

आभाळ रोज भरून यायचं आणि पौर्णिमा जवळ यायची. बायकोनं जेवण टाकलं.

मी तडकलेलं चाक पोत्यात घातलं आणि सर्व्हिस मोटारीनं निपाणीला निघालो. वाटभर एकच विचार चालू होता. तोंड उघडलं तर काय होईल? मी ओरडणार, ते ओरडणार, चार माणसं जमणार. मग म्हणतील, सुनेला आता पाठवत नाही. किंवा पाठवतील, आणि परत घेणार नाहीत. माझी मुलगी त्यांच्या घरात होती. बाजारात मी नेहमी उठून जायची तयारी ठेवून सौदा केला. जो उठून जाऊ शकतो तोच जिंकतो. इथं मला उठून जाता येत नव्हतं. तवंदीच्या चढावर मोटार दमली, सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. मीही ढकलत होतो आणि ह्याच घाटातून मी तिला कशी आणली ते आठवत होतो.

व्याह्यांच्या सोप्यात तंबाखूचे दोन व्यापारी बसले होते. मी पोतं खाली ठेवलं. व्याही म्हणाले, “बटाटं आणलासा काय पाव्हणं? आमी बी लावतोय की.” ते दोघं हसले.

माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तो पोत्याच्या तोंडावर टाकला.

“हात घालून बघा,” मी म्हटलं. “बाजारातल्यागत.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांनी हात घातला. मी टॉवेलाखाली त्यांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट त्या चिरेवर नेऊन ठेवलं.

आयुष्यभर मी लोकांची बोटं वाचत आलोय. ज्याला काही ठाऊक नसतं तो चाचपतो. ओरखडा लागला तर दचकतो, हे काय म्हणून विचारतो. त्यांचं बोट चिरेवर थांबलं आणि तिथंच राहिलं. ओळखीच्या जागी थांबतं तसं. त्यांनी काहीही विचारलं नाही. हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि पानाचा डबा जवळ ओढला.

आतल्या दाराच्या चौकटीला हात धरून माझी मुलगी उभी होती. पोट दिसत होतं. मी आलोय म्हणून ती हसत होती.

मी टॉवेल उचलून पुन्हा खांद्यावर टाकला.

मग व्याहीच बोलले, त्या दोघांना ऐकू जाईल असं. “पाव्हण्यांनी चाकं घरातच रंगवाय काढल्यात बघा. लेकीला न्यायची हाय न्हवं, म्हणून. एक चाक खराब झालंय त्येंचं.” आणि गड्याला सांगितलं, “गोडाऊनातली स्टेपनी आण. व्हय, टायरासकट. दावं सोडलं म्हणायचं आजपास्नं.”

एक व्यापारी म्हणाला, लढाईच्या दिवसांत असं चाक कोण देतो? दुसरा म्हणाला, मन लागतं. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं. विहीणबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि त्या चाकालाही बोटं लावली. मी हात जोडले. माझ्याच मालाबद्दल, माझ्याच मुलीच्या जिवाबद्दल मी त्यांच्यापुढं हात जोडले. पहिल्यांदा चाकात फसवलं, दुसऱ्यांदा माझी तक्रारच माझ्या हातून काढून घेतली. आता बोलेन तर कृतघ्न ठरेन.

निघताना मुलगी मागच्या दारात आली. चाकाला काय झालंय विचारू लागली. मी म्हटलं, रंग गेलाय.

“तेवढ्यासाठी एवढ्या लांब आलासा आप्पा?” ती म्हणाली. “तुमचं तोंड असं का दिसतंय मग?”

मी म्हटलं, कोळसा उडालाय.

घरी येऊन मी त्या नव्या चाकावर आधी रॉकेल घातलं, मग चुना पसरला, आणि समोर बसून राहिलो. रेघ उठली नाही. पुसून पुन्हा पसरला. बायको म्हणाली, किती वेळा बघणार? दोरीला टांगून वाजवलं. नाद चांगला होता. तरी कुंकू घासून काढल्याशिवाय मला चैन पडेना. ते मी माझ्या नखानं काढलं.

मग शेंदराचा हात दिला. पण हवा ओली. भाद्रपदातली झड लागलेली, आणि जवसाचं तेल वाळता वाळेना. बाहेर ठेवलं तर पावसाचे शिंतोडे, आत ठेवलं तर ओलं ते ओलंच. शेवटी चारी चाकं स्वयंपाकघरात चुलीच्या वर आढ्याला टांगली. बायको खाली भाकरी थापायची आणि वर चार शेंदरी चाकं फिरायची. भाकरीला रंगाचा वास, भाताला रंगाचा वास. एकही चाक तिच्या डोक्यात पडलं नाही एवढंच नशीब.

थोडं ऊन पडलं तशी ती परसात आणून भिंतीला लावली. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून आली. तिला दिसत कमी होतं. शेंदूर फासलेलं गोल काहीतरी भिंतीशी उभं आहे एवढं तिला दिसलं. तिनं नमस्कार करून त्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि निघून गेली. फूल नेमकं निपाणीहून आणलेल्या चाकाच्या ओल्या शेंदराला चिकटलं. मी आलो आणि पेटलो. इतक्या खटपटीनं दिलेला हात बिघडला म्हणून फूल उपटायला गेलो तर बायको आडवी आली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “एवढ्या दिसात ह्या चाकाला ज्येनं कुनी हात लावला, त्यात ही एकलीच बिनकपटाची.”

मी पाकळ्या अलगद सोडवल्या. वरून काळा रंग दिला तरी एका जागी पाकळीचा ठसा उठून राहिला. तसाच राहू दिला. हे चाक मी पुढं डावीकडं बसवलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलीला आणायला गेलो. व्याह्यांनी गाडीभोवती फिरून चाकं पाहिली. रंग बरा जमलाय म्हणाले. नंतर म्हणाले, चला, मीही येतो संकेश्वरपर्यंत. आणि बसले. मागच्या गादीवर, आरामात मांडी घालून. त्यांना पेट्रोलचा वास आला नाही. मळमळलं नाही. घाट उतरताना ते मुलीला तंबाखूच्या भावाच्या गोष्टी सांगत होते. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की संकेश्वर आलं तेव्हा बोटं उघडेनात. आवाज एकदाही आला नाही, तरी प्रत्येक वळणाला मी त्याची वाट पाहिली. ते उतरले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि जपून जा म्हणाले.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारशाला व्याही आले, चांदीचे वाळे आणले. निपाणीहून पोत्यातून परत आणलेलं तडकलेलं चाक मी ओट्यावर, त्यांच्या नेहमीच्या बसण्याच्या जागेसमोर खिळ्याला टांगून ठेवलं होतं. रंग न देता, चीर दिसेल असं. ते जेवणाआधी तासभर त्यासमोर बसले. एकदा म्हणाले, हे अजून ठेवलंय होय? मी म्हटलं, ठेवलंय. आतून पाळणा ऐकू येत होता, म्हणून मी पुढं बोललो नाही.

आता ती नात शाळेत जाते. जावयानं धंद्यातून अंग काढून टिळकवाडीत वेगळं बिऱ्हाड केलं आहे. मुलगी आता त्यांच्या छपराखाली नाही. माझं तोंड मोकळं झालं आहे. मी हे लिहून काढतोय असं कळल्यावर व्याह्यांनी एका पाहुण्याबरोबर निरोप पाठवला की लाख ड्रायव्हरनं भरली असेल, तो तर लढाईवर गेला, आपल्याला काय ठाऊक. जुनं उकरून काय मिळणार, दोन्ही घरं सुखात आहेत.

असेल. ड्रायव्हरनं भरली असेल. सौद्यात मी फसलो, त्याचं मी काही मागत नाही; बाजारात फसणाऱ्यानं रडू नये. पण पाव्हणं, तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर पंचमीच्या दिवशी भरलेली पिशवी घेऊन तुम्ही गाडीपासून मागं का फिरलात? स्वतः कोळशाच्या मोटारीतून आलात आणि पोटुशी सून त्या चाकावर बसवलीत. स्वतःच्या हातांनी, नारळ देऊन. चाक माझ्या ओट्यावर टांगलेलं आहे. तुमची जागाही तीच आहे. या, त्यासमोर बसा, आणि तुमची नात ऐकत असताना मला याचं उत्तर द्या.